पिसात नसलेला निळा

डोंगरकडा, ता. कळमनुरी
४ ऑगस्ट २०२४

आदरणीय लहाने आबांना दीक्षाचा सप्रेम जय भीम.

माझं पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. आमच्या सातवीच्या वर्गाला वैजनाथ सरांनी सांगितलंय, की प्रत्येकानं परगावच्या एका नातेवाइकाला खरंखुरं पत्र लिहायचं, पाकिटावर पत्ता घालून पेटीत टाकायचं आणि उत्तर आलं तर वर्गात वाचून दाखवायचं. बाकीच्यांनी मामाला नाहीतर मावशीला लिहिलं. मी आजीला विचारलं, तर ती म्हणाली, “तुज्या लहाने आबाला लिही परभणीला. तुज्या आजोबाचा पाठचा भाऊ हाय. फोन केला की ‘सगळं बराबर हाय’ म्हणतेत अन् ठिवून देतेत. पत्रात तरी चार वळी जास्त लिहितील.”

म्हणून लिहिते. आणि मला एक विचारायचं पण आहे.

आमच्या शाळेमागं बाभळी आहेत. तिथं मला एक हिरवा किडा सापडला. माझ्या अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडा मोठा आणि नव्या बांगडीसारखा चकचकीत. आजी त्याला सोनकिडा म्हणते. मी त्याला कंपासपेटीत बाभळीचा पाला घालून ठेवलं. चौथ्या दिवशी तो मेला. मला फार वाईट वाटलं, मी जेवले पण नाही. पण आबा, तो मेला तरी त्याचा रंग मेला नाही. उन्हाळ्यात मी गुलमोहराचं फूल वहीत दाबलं होतं, ते आता चहासारखं झालंय. मग सोनकिडा काहून तसाच हिरवा? कलता धरला की निळा होतो, सरळ धरला की परत हिरवा.

आजी म्हणते तुम्ही कॉलेजात किडे सांभाळायचे. हे खरं आहे का? किडे काय पगार देऊन सांभाळतात?

तुमची नात,
दीक्षा रत्नपाल


परभणी
१९ ऑगस्ट २०२४

चि. दीक्षा,

तुला आशीर्वाद, वहिनीला जय भीम, रत्नपालला आणि तुझ्या आईला आठवण.

उत्तराला पंधरा दिवस लागले, राग मानू नको. पुढचं पत्र काळ्या शाईत लिही, टपोऱ्या अक्षरात, आणि ओळी सोडून. मुलांनी लहानपणी टपोरंच लिहावं, त्यानं अक्षर सुधारतं.

होय, मला किडे सांभाळायचा पगार होता. तेहतीस वर्षं. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी परिचर होतो. काचेच्या झाकणाच्या लाकडी पेट्या होत्या, त्यात टाचणीनं टोचलेले किडे आणि फुलपाखरं. त्यांना कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या बदलायच्या, काच पुसायची. अजून कुठं डांबरगोळीचा वास आला की मला तिथली सकाळ आठवते. पूर्वेच्या खिडकीतून ऊन पेट्यांवर यायचं आणि एका कप्प्यात सतरा सोनकिडे एकदम पेटायचे. त्यांच्याखालच्या चिठ्ठीवरची तारीख माझ्या जन्माच्याही आधीची होती. मी निवृत्त झालो, ते तसेच हिरवे होते.

तुझ्यासारखंच मलाही कोडं पडलं होतं. एक मॅडम होत्या, दुपारी डबा खाऊन झाला की त्या मला सूक्ष्मदर्शकातून बघू द्यायच्या. त्या म्हणाल्या, “भीमराज, यात हिरवा रंग नाहीच.” मला वाटलं, दहावी शिकलेल्या माणसाची थट्टा करताहेत.

पण ते खरं आहे. गुलमोहराच्या फुलात लाल रंग भरलेला असतो, कपड्याला रंग देतात तसा. तो विटतो. सोनकिड्याच्या पाठीवर मात्र पातळ थर असतात, एकावर एक, डोळ्याला न दिसण्याइतके पातळ. उजेड त्यांच्यावर पडून परत येतो तेव्हा त्यातला हिरवाच काय तो जोरात परत येतो. थर शाबूत तोवर रंग शाबूत. किडा जिवंत असो की मेलेला.

दगडी पुलापलीकडं बाभळबन होतं, अजून आहे का गं? सटवाजीदादा आणि मी तिथं सोनकिडे धरायचो. त्याच्या पायाला दोरा बांधायचो आणि तो गोल गोल उडायचा, घूं घूं करत. तेव्हा मौज वाटायची. आता वाटतं, त्याला किती तकलीफ दिली आम्ही. दादा माझ्यापेक्षा बरा. संध्याकाळ झाली की दोरा सोडून द्यायचा. मी रडायचो, तर म्हणायचा, “सकाळी त्याला त्याची माय हुडकीत येईल.”

बाकी सगळं बराबर आहे.

तुझा,
लहाने आबा


डोंगरकडा
१५ सप्टेंबर २०२४

लहाने आबांना सप्रेम जय भीम.

तुमच्या पत्रानं माझी फजिती केली.

मी ते वर्गात वाचून दाखवलं. सरांनी विचारलं, “म्हणजे चमकणाऱ्या सगळ्याच जिवांचं असं असतं का? मोराचं काय?” मला उत्तर माहीत नव्हतं, पण जोशात म्हणाले, “मोराच्या पिसात पण निळा नाही.” सगळा वर्ग हसला. सोमेश्वर म्हणाला, “मग आमी काय आंधळे हाओत का?” आता तो मला बिनरंगी म्हणतो. ए बिनरंगी, पट्टी दे. ए बिनरंगी, घंटा झाली.

सर हसले नाहीत. म्हणाले, “दीक्षा, विज्ञानात नुसतं म्हणून चालत नाही, दाखवावं लागतं. डिसेंबरात कळमनुरीला तालुक्याचं प्रदर्शन आहे. दाखवतेस का?” मी हो म्हणाले. घरी येऊन रडले.

आबा, खरंच निळा नाही ना? नसला तर दाखवायचं कसं? जी गोष्ट नाहीच, ती कशी दाखवतात?

दोरा सोडायची गोष्ट आजीला वाचून दाखवली. तिनं ते परत एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, “व्हय, तुजे आजोबा तसेच व्हते.” बाभळबन अर्धं आहे. पूल नवा झालाय. दिवाळीला या, म्हणजे दाखवते.

काळ्या शाईत लिहिलंय. आणि आबा, सरांनी विचारलं, तुमच्या ओळी अशा तिरप्या का? एक ओळ तर दुसरीवर चढलीये.

दीक्षा


परभणी
३० सप्टेंबर २०२४

चि. दीक्षा,

टेबलाचा एक पाय आखूड आहे, म्हणून ओळी तिरप्या.

तू अंदाजानं बोललीस, पण बरोबर बोललीस. मोराच्या पिसात निळा नाही, हिरवाही नाही. आहे तो काळपट तपकिरी. बाकी सगळा उजेडाचा खेळ. जी गोष्ट नाही ती दाखवायची असेल तर आधी तिला नाहीशी करावी लागते. तीन गोष्टी कर.

पहिली. पीस घे. पडलेलंच घ्यायचं, मोराच्या अंगावरचं कधी नाही. सध्या मोर पिसं टाकतात, केळीच्या बागांकडं पहाटे गेलीस तर सापडेल. ऊन पाठीमागून घेऊन बघ, मग ते पीस उन्हाच्या आड धरून आरपार बघ. निळा कुठं जातो ते लिही.

दुसरी. पिसाचा डोळा कात्रीनं बारीक कातर आणि खलबत्त्यात कूट, चांगलं कूट. शेजारी हळकुंड कूट. हळद कितीही कुटली तरी पिवळीच, कारण तिच्यात रंग भरलेला आहे. पिसाचं काय होतं ते बघ.

तिसरी. रत्नपालच्या टेम्पोखाली पाण्यात डिझेलचा थेंब पडतो, त्यावर इंद्रधनुष्य दिसतं. डिझेलला ते रंग आहेत का? नाहीत. पातळ थर आहे.

आता हे परीक्षकांना कसं सांगायचं? आपल्या जयंतीची मिरवणूक आठव. लेझीमच्या दोन रांगा. दोन्हींची पावलं जुळली की एकच झणकार होतो, गल्ली हालते. एक रांग अर्धं पाऊल चुकली की नुसता गोंधळ, कुणाचंच ऐकू येत नाही. उजेडाचं तसंच. काही उजेड वरच्या थरावरून माघारी येतो, काही खालच्या. ज्या रंगाची पावलं जुळतात तो झळकतो, ज्यांची चुकतात ते विझतात. पीस कलतं केलं की वाट लांब-आखूड होते आणि दुसऱ्याच रंगाची पावलं जुळतात. म्हणून तुझा सोनकिडा हिरव्याचा निळा होतो.

सटवाजीदादा लेझीमला पुढं असायचा. पांढरा सदरा, निळा फेटा. त्या फेट्याचा निळा मला आत्ताही दिसतो, डोळे मिटले तरी.

दिवाळीला या म्हणतेस, पण जमणार नाही. एस्टीच्या पाट्या हल्ली फार बारीक अक्षरात लिहितात. परवा मी पाथरीच्या गाडीत बसलो होतो. शेजारची शीतल, नर्सिंग शिकते, ती बाजारहाट करून देते. सगळं बराबर आहे.

प्रयोग झाला की मला एक पीस पाठव. खूप वर्षांत हातात घेतलं नाही.

लहाने आबा


डोंगरकडा
२० ऑक्टोबर २०२४

लहाने आबांना सप्रेम जय भीम.

झालं! सगळं तुम्ही सांगितलं तसंच झालं.

पिसांसाठी मी बाबांबरोबर चार दिवस केळीच्या बागेत गेले. तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी बांधावर एकाच जागी पाच पिसं. मी ओरडले, तर पलीकडून मोर ओरडला.

उन्हाच्या आड धरलं तर पीस वाळक्या पाल्यासारखं दिसलं. मग खलबत्ता. आजीनं आधी दिलाच नाही. “त्यात लसून-मिरची कुटते मी, त्यात पाखराची पिसं?” मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “घे. पर घासून दे.” मी कुटत होते आणि ती शेजारी बसून बघत होती. निळा आधी फिका झाला, मग मळका, मग आबा, गेलाच! खाली तंबाखूसारखी भुकटी. शेजारी हळद पिवळीधम्मक. आजी म्हणाली, “अगं माय, कुटं गेला?” तिनं खलबत्ता उलटा करून बघितला.

आणखी एक. शेवग्यावर एक काळं पाखरू येतं, वाकड्या चोचीचं, फुलातला रस पितं. मला वाटायचं ते काळंच. काल त्यानं मान वळवली आणि उन्हात जांभळं, मग निळं, मग परत काळं. सर म्हणाले तो शिंजीर. आता मला सगळीकडं हेच दिसून राहिलंय. पारव्याची मान. ओढ्यातल्या शिंपलीची आतली बाजू. माशाचं खवलं. आधी हे सगळं कुठं होतं?

प्रदर्शनासाठी मी काळ्या पुठ्ठ्यावर पिसं चिकटवून वर पारदर्शक प्लास्टिक लावलंय. त्यातलाच एक पुठ्ठा तुम्हाला पाठवते. डोळ्याचा निळा बघा, काय आहे!

दीक्षा


परभणी
५ नोव्हेंबर २०२४

चि. दीक्षा,

पाकीट फोडलं आणि माझी खोली निळी झाली.

काय निळा गं! मधोमध गडद, भोवती हिरवं कडं, त्याच्याभोवती तांब्याची झाक. मी खिडकीत धरून कितीतरी वेळ बघत बसलो. थोडं कलतं केलं तर हिरवा नुसता वाहत होता. पुठ्ठा उशाशी ठेवलाय.

मला आपला ओढा आठवला. पाणी उतरलं की आम्ही चिखलात पाय घालून शिंपल्या शोधायचो. आई त्या घासून लेकरांना दूध पाजायला ठेवायची. तिच्या हातात शिंपली फिरली की आत गुलाबी, मग हिरवट, मग निळसर. ती म्हणायची, “हिच्यात आभाळ सांडलंय.” तारेवर नीळकंठ बसायचा, बसला तर मातकट, उडाला की दोन्ही पंख निळे. आई त्याला बघून हातातलं खुरपं खाली ठेवायची. सगळा दिवस राबणारी बाई, पण नीळकंठ उडेपर्यंत थांबायची. तिला असं काही बघायची फार हौस होती. पुढं मात्र तिला ते बघता आलं नाही.

असो. वहिनीला सांग, खलबत्ता उलटा करून बघणारी शास्त्रज्ञ मी तेहतीस वर्षांत दुसरी पाहिली नाही.

सगळं बराबर आहे.

लहाने आबा


डोंगरकडा
१२ नोव्हेंबर २०२४

लहाने आबांना जय भीम.

हे पत्र मी वर्गात वाचणार नाही आणि घरी पण कुणाला दाखवलेलं नाही.

मी दोन पुठ्ठे केले होते. एकावर पीस सुलटं, समोरची निळी बाजू वर. दुसऱ्यावर उलटं, मागची बाजू दाखवायला. मागून पीस नुसतं तपकिरी असतं. आज प्रदर्शनाचं सामान लावताना बघितलं तर निळा पुठ्ठा माझ्याकडंच आहे.

आबा, मी तुम्हाला चुकून तपकिरी बाजू पाठवली. त्यात निळा नाही. हिरवं कडं नाही. कसंही कलतं केलं तरी काही वाहत नाही. मी परत परत बघितलं.

मग मी तुमची सगळी पत्रं काढून बसले. काळ्या शाईत लिही, टपोरं लिही. माझं पहिलं पत्र निळ्या शाईत होतं, ते तुम्हाला वाचायला पंधरा दिवस लागले का? ओळीवर ओळ चढते. एस्टीची पाटी. टेबलाचा पाय खरंच आखूड आहे का?

तुम्हाला दिसत नाही का आबा?

मी बाबांना सांगितलेलं नाही. तुम्हीच सांगा. मी वाट बघते.

दीक्षा


डोंगरकडा
१ डिसेंबर २०२४

लहाने आबांना जय भीम.

एकोणीस दिवस झाले, तुमचं उत्तर नाही. फोन लावला तर बंद. मला भीती वाटली, म्हणून मी आजीला सगळं सांगितलं. तुम्ही रागावलात तरी चालेल. खालचं आजी सांगतेय तसं लिहिते, एक शब्द बदलायचा नाही म्हणते.

“भावजी, जय भीम. तुमी लेकराला खोटं लिहिलं त्याचा मला राग न्हाई. तुमी भ्याले हाओत ते मला ठावं हाय. सासूबाईचा डोळा गेला तवापासून कुनी दवाखान्याचं नाव काढलं की तुमी पानी प्यायला उटता. तुमाला वाटतं, तुमी त्यांला शिबिरात नेलं, आपरेशन करा म्हणून हट्ट धरला, म्हणून डोळा गेला. मी आज सांगते ते आयका. अट्टेचाळीस वर्सं पोटात ठिवलं.

आपरेशन चांगलं झालतं. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली तर सासूबाई मला म्हणल्या, ‘कमल, तुज्या लुगड्याचं काठ हिरवं हाय गं.’ डाक्टरनं म्हैनाभर घरात बसा म्हणलतं. तुमी परभणीला नोकरीवर गेले, हे शेतावर. दिसाया लागलं त्याच्या चौथ्या दिवशी त्या मला घिऊन खुरपायला निघाल्या. मी न्हाई न्हाई म्हणले, सून मानूस, माझं कोन ऐकतं. डाक्टरनं परत बांधलेली पट्टी काढून पदरात बांधली. वावटळ आली. डोळ्यात माती गेली अन् त्यांनी पदरानं डोळा चोळला. आट दिवसांनी डोळा गेला. त्यांनी माझ्याकून शपथ घेतली, ‘भीमाला सांगू नको, तो मला रागवंल.’ त्या गेल्या, तुमचे भाऊ गेले, अन् मी शपथच धरून बसले. माझंच चुकलं. तुमी त्यांचा डोळा घालवला न्हाई भावजी. तुमी त्यांला चार दिवस दाखवलं.

रत्नपाल येत्या रविवारी तिकडं येऊन राहिला. उगं दार लावून बसू नका.”

आजीनं एवढं सांगितलं आणि तोंडाला पदर लावला. आबा, या ना.

दीक्षा


परभणी
१० डिसेंबर २०२४

चि. दीक्षा,

हे अक्षर शीतलचं आहे, शब्द माझे. आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही.

रत्नपाल येऊन गेला. टेबलाखाली वाकून त्यानं चारही पाय मोजले, मग माझ्याकडं बघितलं. आम्ही दोघंही हसलो आणि मग मला हसू आवरेना, रडूही आवरेना.

दोन वर्षं झाली. आधी धुकं वाटलं, मग एकेक रंग गेला. निळा सगळ्यात आधी. डॉक्टरांनी तीनदा सांगितलं, मोतीबिंदू आहे, साधी गोष्ट आहे. मी तीनदा मान डोलावून घरी आलो. तुझी पत्रं भिंग लावून, एकेक अक्षर धरून वाचायचो. कुणाला वाचायला दिली असती तर मला दिसत नाही हे उघड झालं असतं.

पिसाचं खोटं मी मुद्दाम नाही लिहिलं गं. पुठ्ठ्यावर काहीतरी लांबट, गोल टोकाचं आहे एवढं दिसलं. पुढचं मला पाठ होतं. तेहतीस वर्षं बघितलेलं पीस. डोळ्याला लागलं नाही ते मी आठवणीतून भरलं आणि मला खरंच वाटलं की मी बघतोय. तू विचारलंस तेव्हा कळलं, की मी बरेच दिवस काहीच बघत नव्हतो, नुसतं आठवत होतो. तुझं पत्र आल्यावर मला लाज वाटली, म्हणून फोन बंद ठेवला. म्हाताऱ्या माणसानं असं करायला नको होतं.

वहिनीचा मजकूर शीतलनं मला दोनदा वाचून दाखवला. आईला हिरवा काठ दिसला होता. हे मला कुणी तेव्हा सांगितलं असतं तर! पण वहिनीला म्हणावं, माझा राग नाही. शपथ आईची होती. मी तरी वहिनीला कधी विचारलं का, की त्या आठवड्यात काय झालं? आपलंच चुकलं असं धरून बसलो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

सतरा तारखेला एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. रत्नपाल येणार आहे. तू येऊ नको, तुझं प्रदर्शन आहे.

लहाने आबा


डोंगरकडा
२१ डिसेंबर २०२४

लहाने आबांना सप्रेम जय भीम.

बाबांनी सांगितलं, ऑपरेशन नीट झालं. डोळ्याला हात लावू नका. आजी रोज विचारते, “खुरपायला तर न्हाई ना गेले?” आणि स्वतःच हसते.

आता प्रदर्शनाचं. माझा नंबर आला नाही. पहिला नंबर ठिबक सिंचनाला मिळाला, त्यात मोटार होती, खरं पाणी पडत होतं. माझ्याकडं नुसता खलबत्ता. परीक्षक आले, मी लेझीमचं सांगायला लागले आणि मधेच विसरले. एकजण म्हणाले, “बाळ, पुस्तकातलं पाठ केलंस का?” मी म्हणाले, “नाही सर, आबांनी पत्रात लिहिलं.” ते हसून पुढं गेले.

पण ऐका. दुपारी सोमेश्वर आला. म्हणाला, “तू कुटताना हातचलाखी करतीस. मी कुटतो.” मी दिला बत्ता. त्यानं स्वतः पीस कातरलं, स्वतः कुटलं. सगळे गोळा झाले. निळा गेला तसा तो थांबला. बोटानं भुकटी पसरून बघितली, हुंगली, उन्हात नेली. मग हळूच म्हणाला, “आरं, हे तर खरंच न्हाई त्यात.” त्यानंतर संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलाशी तोच उभा होता, येईल त्याला सांगत. माझ्यापेक्षा चांगलं सांगत होता. लेझीमची पावलं तर त्यानं नाचून दाखवली. वैजनाथ सर म्हणाले, “नंबर कागदावर असतो दीक्षा, हे बघ.” गर्दी एवढी झाली की ठिबकवालेपण आले.

आता मला कुणी बिनरंगी म्हणत नाही. मला थोडं चुकल्यासारखंच वाटतं.

तुम्हाला काय दिसतं ते लिहा. आठवून नाही. बघून.

दीक्षा


परभणी
२९ डिसेंबर २०२४

चि. दीक्षा,

अक्षर माझं आहे. ओळी सरळ आहेत की नाहीत ते सरांना विचार.

पट्टी काढली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “आजोबा, काय दिसतं?” मी म्हणालो, “भिंत.” त्यांना वाटलं नीट दिसत नाही. पण भिंत पांढरी होती गं! दोन वर्षं मला सगळ्या भिंती पिवळ्या दिसायच्या. शीतलचे वडील माझे घरमालक, त्यांना मी सारखा म्हणायचो, माझ्या खोलीला रंग द्या, मळलीये. घरी आलो तर खोलीही पांढरी. त्यांनी तीनदा रंगवली होती म्हणे, मला कळलंच नव्हतं.

बाईंनी समजावून सांगितलं. डोळ्यातलं भिंग वयानं पिवळट-तपकिरी होतं आणि निळा उजेड आधी अडवतं. ते काढून नवं बसवलं की निळा एकदम आत येतो. मी तुला लिहीत होतो, मोराच्या पिसात निळा नाही, उजेड तो घडवतो. पण उजेडानं घडवलेला निळा आत येऊ द्यायला डोळाही लागतो, हे कुठं मला सुचलं होतं!

तू बघून लिही म्हणालीस, म्हणून लिहितो. आज सकाळी खिडकीच्या गजावर पारवा बसला होता. दुसरा डोळा अजून तसाच आहे, त्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत. मी आधी तो जुना डोळा उघडा ठेवला. राखेच्या ढेकळासारखा पारवा. मग तो मिटून नवा उघडला. त्याच पारव्याच्या मानेवर हिरवा आला, तो मान हलवी तसा जांभळा झाला, परत हिरवा. पुन्हा जुना डोळा, पुन्हा ढेकूळ. लहान मुलासारखा मी किती वेळ हे करत होतो. शीतल चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. तिला वाटलं मी कुणाला डोळा मारतोय.

मग आईची आठवण आली. तिला चार दिवस हे मिळालं. लुगड्याचा हिरवा काठ दिसला तेव्हा तिला कसं वाटलं असेल, ते मला आज कळलं. तिला मी दवाखान्यात नेलं होतं, ते बरं केलं. अट्ठेचाळीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा लिहितोय.

डॉक्टरांनी महिनाभर धुळीत जाऊ नका सांगितलंय. मी ऐकणार आहे. त्यानंतर रत्नपाल मला गावी आणणार आहे आणि दुसऱ्या डोळ्याच्या तारखेपर्यंत मी तुमच्याकडंच राहणार. वहिनीला सांगून ठेव, आल्या आल्या मी तिच्यासमोर उभा राहून आधी एक डोळा मिटणार, मग दुसरा. ती कोणत्या डोळ्यानं म्हातारी दिसते ते तिथंच सांगेन. शिव्या द्यायच्या असतील तर तयार ठेव म्हणावं.

तुझा,
लहाने आबा